उत्तराचा भिक्षू

माझ्या बायकोचं, उत्तराचं, गेली काही वर्षं एका परपुरुषावर मन जडलं होतं. तो सातशे वर्षांपूर्वी वारला होता, म्हणून मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. वाउटर त्याचं नाव. ख्रिस्ती भिक्षू, मोठा पंडित. उत्तरा विद्यापीठात त्याच्या लॅटिन प्रवचनांवर पीएचडी करत होती. मी आमटीत मीठ जास्त टाकलं तरी वाउटरने संयमावर काय सांगितलंय ते मला ऐकावं लागायचं.

आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहतो. तिथल्या एका चर्चने तिला बोलावलं. रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये वाउटरच्या आयुष्यावर बोलायचं होतं.

“इंग्लिशमध्ये बोलून टाक,” मी म्हणालो.

“यतीन, हा माणूस पॅरिसला शिकून आला आणि गावकऱ्यांशी लॅटिनमध्ये बोलायला लागला. लोक उठून गेले! मग तो हिवाळाभर दलदलीतली जळाऊ माती खणणाऱ्या मजुरांत राहिला, त्यांची बोली शिकला. आणि त्याच्यावर मी इंग्लिश झाडू?”

तिने डचमध्ये भाषण पाठ करायला घेतलं. मला डच येत नाही. ऑफिसात इंग्लिशवर भागतं, दुकानात बोटांवर.

रविवारी हॉल भरला होता; बहुतेक लोक पिकल्या केसांचे. मी पहिल्या रांगेत बसून, काही कळत नसताना, योग्य वाटेल तिथे मान डोलवत होतो. उत्तरा कागदावर न बघता झकास बोलत होती. थोड्या वेळाने लोक गालात हसायला लागले. मग खांदे हलायला लागले. एका आजींनी रुमाल तोंडात कोंबला. मला वाटलं, काय रंगलंय! मीही मोठ्याने हसलो. उत्तराने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा गंभीर झालो.

शेवटी टोपीवाले एक म्हातारे उठले. यान त्यांचं नाव. ते काहीतरी बोलले आणि सगळा हॉल हसून फुटला.

शेजारच्या बाईंनी मला इंग्लिशमध्ये समजावलं. यान म्हणाले होते, “बाई, मी जन्मभर लीकच पिकवले. पण माझे लीक ऐकून कधी कोणी पापं कबूल केली नाहीत.”

लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा दांडगा भाऊ. डचमध्ये प्रवचनाला ‘प्रेक’ म्हणतात आणि लीकला ‘प्रै’. माझी बायको घाबरून सुरुवातीपासून प्रै, प्रै म्हणत होती. म्हणजे वाउटर चौकात उभा राहून तास-तास लीक द्यायचा. त्याचे लीक लॅटिनमध्ये होते तेव्हा कुणाला पचले नाहीत. पुढे त्याच्या एका लीकने दोन चोरांचं हृदयपरिवर्तन झालं आणि चोरलेली गाय परत आली.

उत्तराचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. आता ही रडणार, असं वाटून मी अर्धा उठलोसुद्धा. पण तिने एकदम कपाळावर हात मारला आणि मराठीत म्हणाली, “अगं बाई!” मग ती स्वतःच हसत सुटली. यान उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

हसणं ओसरल्यावर तिने पुढची गोष्ट सांगितली. आता ती सावकाश बोलत होती, शब्द अडला की हातांनी दाखवत होती. त्यामुळे मलाही कळलं. एका रात्री पुरात बांध फुटला. वाउटर घंटा वाजवायला चर्चच्या मनोऱ्यावर चढला. घंटेच्या आवाजाच्या रोखाने माणसं अंधारातून उंचावर पोचली. मनोरा पाण्यात खचेपर्यंत तो वाजवत राहिला. उत्तराचा हात हवेत दोर ओढत होता. तो थांबला तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही. यानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या परपुरुषाचा पहिल्यांदाच मला मनापासून आदर वाटला.

नंतर लोकांनी तिला गराडा घातला. तो अनवाणी चालायचा का? त्याला आई होती का? पुराची माहिती कुठे मिळाली? उत्तरा चुकतमाकत प्रत्येकाला उत्तर देत होती. कुणीतरी चूक सुधारली की ती तो शब्द पुन्हा म्हणून पुढे जायची.

मी कॉफी घेऊन भिंतीशी उभा राहिलो. कॉफीबरोबर एकच बिस्किट द्यायचं आणि डबा बंद करायचा, ही इथली रीत. त्या दिवशी डबा दुसऱ्यांदा फिरला.