होडीच्या काठाचा लाल

बेटावरच्या अताया गावच्या बंदरात बायका होड्या रंगांवरून ओळखतात. समुद्रात दूर ठिपका दिसला की मबरूका म्हणायची, "ही आपली नव्हे, हिचा काठ हिरवा." आपली म्हणजे अंग चुन्यासारखं पांढरं, मधोमध निळा पट्टा आणि वर काठाला बोटभर लाल. तिचा मुलगा मुंधिर परदेशी, जेनोव्हाच्या गोदीत कामाला गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून होडी किनाऱ्यावर खजुरींपाशी ओढून ठेवलेली होती.

त्याच तीन रंगांत सुनेला, सन्नियाला, शाली विणायच्या होत्या. तान्ह्या बाळांना गुंडाळायच्या, मऊ सुती. लेक याकीन झोपली की ती मागावर बसायची, आणि दोन बोटं विणून होतात न होतात तोच याकीन जागी व्हायची. समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातल्या उल्फाने आपल्या दुकानासाठी शाली मागितल्या, पण अट घातली. "तीनच रंग, बाई. एक भरपूर, एक त्याच्या निम्मा, एक नुसता चिमूटभर. लांबून बघणारीने म्हटलं पाहिजे, ही सन्नियाची शाल." सन्नियाला हसू आलं. तिच्या सासऱ्यांनी होडीवर दुसरं काय केलं होतं?

पांढरा जमला, निळा जमला. लाल अडला. स्फाक्सचा रंगारी सगळं सूत एकदाच रंगवणार होता आणि नमुन्याचा धागा आज दुपारच्या बोटीला जाणाऱ्या गाडीत द्यायचा होता. सकाळी सन्निया याकीनला कडेवर घेऊन किनाऱ्यावर गेली. होडीच्या काठाला एकेक धागा लावून पाहिला, त्यातला एक अगदी जुळला. घरी येऊन तिने तो फोनवर मुंधिरला दाखवला.

"हा? अगं, ही तर धुऊन वाळत घातलेली वीट! आपला लाल म्हणजे हरिसाच्या चटणीसारखा. नुसता बघून जीभ भाजली पाहिजे."

"होडीलाच लावून आणलाय."

"मग डोळे तपासून घे. जायच्या आधी मीच रंगवलाय तो काठ."

मबरूका दोरीवर ऑक्टोपस वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, "अरे, हिने उन्हाची बाजू धरली! खजुरींकडचा काठ तसाच आहे. जा पोरी, पळ. गाडीला अजून तास आहे."

सन्निया पुन्हा गेली. खजुरींच्या बाजूला वाकून पाहिलं, तर खरंच, कालच ब्रश फिरवल्यासारखा लालभडक. बरोबर आणलेल्या धाग्यांत त्या रंगाचाही एक होता. याकीनने त्या लाल काठाकडे बघून तोंड फिरवलं. जन्मापासून तिने घरून दिसणारा, उन्हाकडचा काठच पाहिला होता.

एका हातात दोन्ही धागे धरून सन्निया उभी राहिली. हा भडक धागा पाठवला तर मुंधिर खूश होईल. प्रत्येक शालीवर त्याचा हात दिसेल, जसा तो गेला त्या आठवड्यात होता तसा. त्या आठवड्याला तिने किती वेळा मनात परत बोलावलं होतं!

फोन वाजला. "सापडला?"

"सापडला. तुझा लाल आहे तस्सा आहे."

"बघ! तोच पाठव."

"नाही पाठवत. तो सावलीत राहिलाय, मुंधिर. आम्ही उन्हाच्या बाजूला राहतो."

पलीकडे गोदीतली यंत्रं घरघरत होती. तो म्हणाला, "एवढा उडाला?"

"हो."

"आणि अम्मीचे केस?"

"पांढरे झाले. तुझा फोन आला की ती आधी डोक्याला रुमाल बांधते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस. मीही नाही सांगितलं."

"नोव्हेंबरात सुट्टी मागतो."

"माग," सन्निया म्हणाली. मागच्या नोव्हेंबरातही त्याने मागितली होती.

तिने फिका धागा पाकिटात घातला, याकीनला पोटाशी घेतलं आणि गाडी गाठायला भराभर चालू लागली.