सरळ केलेला सांगाडा

"जावईबापू, ती तुम्ही नेताय की भंगारवाल्याला बोलावू?" मामींनी फोनवर सरळ विषयालाच हात घातला.

'ती' म्हणजे कोण, हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. त्या घरात 'ती' एकच होती. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मामांनी स्वतःच्या हातांनी बांधायला घेतलेली, दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. मास्तरांचं लग्न झालं तेव्हाही, बायकोच्या लहानपणापासून काम चालू असून, ती नुसता लोखंडी सांगाडा होती. पुढे मास्तरांची मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तरी हिनं शेडचा उंबरा ओलांडला नव्हता. नातेवाइकांनी तिचं नाव 'मामांची दुसरी' असं पाडलं होतं; फक्त मामींच्या कानावर ते जाणार नाही याची सगळे काळजी घेत.

मामा म्हणजे मास्तरांच्या बायकोचे सख्खे मामा. पाणीपुरवठा खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. गाड्यांचं शिक्षण काडीचं नाही. जुनी मासिकं, भंगारबाजार आणि हट्ट एवढ्या भांडवलावर त्यांनी हा संसार मांडला होता. मास्तर तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आणि एखाद्या रविवारी मामांकडे पत्र्याचं दुसरं टोक धरायला जायचे. तेवढ्यावर मामा त्यांना आपला माणूस समजत.

मग मामांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. खूप प्रयत्नांनी तीन-चार शब्द परत आले, त्यातला एक 'बापू'. मास्तर भेटायला गेले तेव्हा मामांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं, शेडच्या दिशेनं मान वळवली आणि म्हणाले, "बापू." पुन्हा म्हणाले, "बापू." ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती मामींनी पुसली. ते काय मागत होते हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

"मामीनं जन्मभर सोसलं," घरी येताना बायको म्हणाली. "आता माझा नंबर का?"

"अगं, जवळजवळ झालेलीच आहे ती. बॉडी तयार, इंजिन जागेवर. वर्षभरात रस्त्यावर आणतो."

"मामाही हेच म्हणायचा."

मास्तर हसले. पण मनातून त्यांना ती गाडी हवी होती. उभी नोकरी त्यांनी मुलांना यंत्रांचे भाग कागदावर काढायला शिकवलं होतं. हातात धरता येईल असं काही आजवर त्यांनी घडवलं नव्हतं. या वयात ते आयतं चालत येतंय म्हटल्यावर नाही म्हणवेना.

गाड्या उचलून नेणारा ट्रक आला तेव्हा मामांनी खुर्ची अंगणात आणवली. चाकांच्या फळ्यांवर ठेवलेली गाडी शेडमधून ढकलत काढताना ती त्यांच्या शेजारून गेली, तसा त्यांनी डावा हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला. ढकलत होते की अडवत होते, ते कुणालाच कळलं नाही. ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर मामी शेडमध्ये गेल्या आणि झाडू मारायला लागल्या.

मास्तरांनी घराशेजारच्या आपल्या शेडमध्ये जागा केली. पहिले काही आठवडे त्यांनी नुसतं न्याहाळलं. काम देखणं होतं, यात वादच नव्हता. हातोडीनं ठोकून वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा असा गुळगुळीत, की बोट फिरवलं तर कुठे अडकत नसे. दार बंद केलं की फट दिसायची नाही. बायकोसुद्धा एकदा चहाचा कप घेऊन आली, बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, "मामाचा हात चांगला होता हो."

मग मास्तरांनी चाकं बसवायला घेतली, आणि पुढचं डावं चाक काही केल्या जमिनीला टेकेना. आधी त्यांना वाटलं, फरशी उतरती आहे. पाणसळ लावून पाहिली. फरशी ठीक होती. म्हणून त्यांनी सांगाड्याच्या चार कोपऱ्यांतून ओळंबे सोडले, खाली खुणा केल्या आणि दोऱ्यानं कर्ण मापले. दोन कर्ण जुळेनात. पुन्हा मापले. सांगाडा एका अंगाला लांब होता, शिवाय पीळ पडलेला. पिळलेल्या फडक्यासारखा.

सुरुवातीलाच, अगदी पहिल्या नळ्या जोडताना, काहीतरी सरकलं होतं. आणि त्यानंतर मामांनी जे जे बनवलं ते त्या वाकड्या सांगाड्याला जुळेल असं बनवलं होतं. उजवं दार डाव्यापेक्षा किंचित मोठं. बॉनेटची एक कड जरा जास्त उतरती. आसनाच्या एका पायाखाली पातळ पट्टी. प्रत्येक भाग आधीच्या भागाची चूक पोटात घालत आला होता, आणि म्हणूनच फटी दिसत नव्हत्या. गाडी डोळ्यांना सुरेख होती, पण वेग घेतला असता तर सरळ रेषेत धावली नसती.

"मामाला माहीत असेल?" बायकोनं विचारलं.

"कुणास ठाऊक. चाकं पूर्ण बसवेपर्यंत ते पोचलेच नव्हते."

"मग आता?"

"बघू."

दर रविवारी मास्तर मामांकडे जायचे. मामा वाट बघत असायचे. मास्तर आत शिरले की दुसरा शब्द बाहेर यायचा. "कुठवर?"

"चाललंय मामा. वायरिंग काढलंय सगळं. नवीन टाकतोय." कधी ब्रेकचं सांगायचे, कधी दिव्यांचं. मामा डोळे मिटून ऐकायचे, एखादा लाडका कार्यक्रम रेडिओवर लागावा तसे. एका रविवारी मास्तर ठरवूनच गेले होते, आज सांगायचंच. "मामा, सांगाड्याचं जरा..." एवढं बोलले आणि मामांनी डोळे उघडले. त्या नजरेत एवढा आनंद होता, की मास्तरांनी वाक्य फिरवलं. "सांगाड्याला रंग द्यावा म्हणतोय." मामांनी मान डोलावली.

बाहेर येताना मामींनी दाराशी गाठलं. "जावईबापू, काय ते उरका. पुरी करा नाहीतर मोडा. रोज सकाळी उठले की शेडकडे बोट दाखवतात. रिकामी आहे म्हटलं तरी पटत नाही."

मास्तरांनी सांगाडा कापायचा निर्णय घेतला. दुसरा मार्गच नव्हता, असं ते नंतर म्हणत. बॉडी उतरवली, इंजिन बाहेर काढलं, आणि ग्राइंडरनं मामांच्या नळ्या एकामागून एक कापल्या. नवा सांगाडा त्यांनी आधी कागदावर काढला, मग वेल्डरला समोर बसवून जोडून घेतला. ओळंबे सोडले, कर्ण जुळले. त्या संध्याकाळी ते लहान मुलासारखे खूश होते. जुन्या नळ्या भंगारवाला घेऊन गेला.

पण सरळ सांगाड्यावर वाकडी बॉडी बसेना. उजवं दार लागेना, म्हणून नवं केलं. नव्या दारामुळे मागचा पत्रा बदलावा लागला. बॉनेट तिरकी दिसायला लागली, म्हणून तीही नवी केली, आणि मामांची जुनी बॉनेट शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली. मास्तरांचा पत्रा मामांच्या पत्र्यासारखा गुळगुळीत होत नव्हता. ते ठोकत राहिले. शाळेतून आले की चपला शेडच्या दारात काढायचे, जेवायला हाका माराव्या लागायच्या, आणि जेवतानाही बोटांनी ताटाची कड चाचपत बसायचे.

मधल्या काळात मुलीला बाळ झालं. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. तिनं मुलीच्या शहरात बदली मागितली आणि ती मिळालीही.

"अहो, तुम्हीही या ना. शाळा सोडायला तशीही थोडीच वर्षं राहिलीत."

"येतो ना. ही उभी राहिली की येतो."

"कधी?"

"आता फार नाही राहिलं गं."

सामान बांधताना ती एकदाच म्हणाली, "लहानपणी सुट्टीत मामाकडे राहायला जायचे मी. मामी ताट झाकून बसायची, बसायची, आणि मग एकटीच जेवायची. मला वाटायचं, मामी हळू जेवते म्हणून मामा आधीच जेवून घेत असेल."

बायको गेली. मास्तर दर दोन दिवसांनी फोन करायचे, नातीचं विचारायचे, आणि मग गाडीचं सांगायचे. पलीकडून "हं" यायचं.

अखेर एका सकाळी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग धरलं, आणि असा भरदार आवाज काढला की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच दिवशी मामींना फोन केला. "मामांना घेऊन या. टॅक्सी मी पाठवतो."

मामांना इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. टॅक्सीवाल्यानं आणि मास्तरांनी मिळून त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं, शेडमध्ये आणलं. मास्तरांनी गाडीवरची चादर काढली. लाल रंग, चकचकीत. चारही चाकं जमिनीवर. मास्तरांनी किल्ली फिरवली. शेड घुमली.

मामा बघत राहिले. आवाजानं दचकले, एवढंच. मास्तरांनी इंजिन बंद केलं, खुर्ची पुढे नेली आणि मामांचा डावा हात दारावर ठेवला. मामांनी पत्रा चाचपला. बोटं कडेनं खाली गेली, परत वर आली, थांबली. त्यांनी हात काढून घेतला.

"नाही," मामा म्हणाले.

"मामा, आपलीच आहे. बघा, स्टिअरिंग तेच, मीटरचे काटे तेच—"

"नाही." मग त्यांनी सगळा जीव एकवटला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "माझी... कुठं?"

मामांची नजर शेडभर फिरत होती, आणि कोपऱ्यातल्या जुन्या बॉनेटवर येऊन थांबली. ते त्या बाजूला झुकायला लागले, इतके की मामींनी खांदे धरले. खुर्ची तिकडे न्यावी लागली. मामांनी बॉनेटवर आधी हात ठेवला, मग गाल. धुळीनं गाल काळा झाला. ते रडत नव्हते. हात फिरवत होते, त्याच एका जागी, पुन्हा पुन्हा.

"असूद्यात," मामी मास्तरांना म्हणाल्या. "त्यांना कळत नाही आता."

पण त्यांना कळलं होतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. मामींनाही असावं.

पुढच्या रविवारी मास्तर गेले, तेव्हा मामांनी "कुठवर?" विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला झोपेतच गेले.

बायको अंत्यविधीला आली, मुलीला ताप होता म्हणून लगेच परत गेली.

आता निदान गाडी तरी रस्त्यावर आणावी, म्हणून मास्तर तिला ट्रकवर चढवून वाहन तपासणीच्या कार्यालयात घेऊन गेले. तपासनीस तरुण होता, गाड्यांची आवड असलेला. आधी तो भोवती दोन फेऱ्या मारून मनापासून "वा!" म्हणाला. मग वाकला, टॉर्च मारून खालून बघू लागला.

"सर, चासी नंबर कुठाय?"

"नवा ठोकून घ्यायचा ना? सांगाडा मी नवीन केलाय."

तपासनीस उभा राहिला. हात पुसून त्यानं मास्तरांनी आणलेले मामांचे परवान्याचे कागद चाळले आणि समजावलं. घरी बांधलेल्या गाड्यांना परवानगी देणं केव्हाच बंद झालं होतं. मामांना मिळाली होती ती जुन्या नियमात, आणि ती त्यांच्या सांगाड्याला होती. पुढच्या आडव्या नळीवर खात्यानंच नंबर ठोकला होता. नंतर त्यावर रंगाचे हात बसले असतील, म्हणून दिसला नसेल.

"ती नळी असेल ना तुमच्याकडे? तेवढी जरी असली तरी मी वर विचारून बघतो."

"भंगारात गेली."

"अरेरे," तो म्हणाला. "सर, सांगाडा वाकडा असता तर दुरुस्त करून आणा म्हटलं असतं. वेळ दिला असता. आता ही गाडी कागदावर आहेच कुठे?"

ट्रक परत फिरला. वाटेत सिग्नलला थांबलेल्या एकानं काच खाली करून अंगठा दाखवला. मास्तरांनी हात वर केला.

पुढे महिन्याभरानं बायको आपले उरलेले कपडे न्यायला आली. घर तिनं पाहिलं: बेसिनमधले कप, पलंगावर वाळत टाकलेले शर्ट. कप विसळले. मग दोघं स्वयंपाकघरात बसले.

"चला आता," ती म्हणाली.

"वरच्या कार्यालयात अर्ज केलाय मी. कुणी सांगावं, विशेष बाब म्हणून—"

"अहो."

"उत्तर येईपर्यंत तरी थांबायला हवं. असं उघड्यावर टाकून कसं येऊ?"

तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं बसलं होतं, अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. "तिकडे एक खोली तुमच्यासाठी ठेवलीय. नात रांगायला लागलीय. यायचं तेव्हा या. पण मी आता विचारणार नाही हं. सारखं सारखं विचारायला मला लाज वाटायला लागलीय."

टॅक्सी आली. मास्तरांनी बॅग ठेवली, दार लावलं. बायकोनं काच खाली करून सांगितलं, फ्रीजमध्ये भाजी करून ठेवलीय, आजच संपवा. टॅक्सी गेली.

मास्तर शेडमध्ये आले. काय करायचं राहिलंय ते आठवायला लागले. दिवे लागत होते, ब्रेक धरत होते, दारं नीट मिटत होती. काहीच राहिलं नव्हतं. मग त्यांनी पाना घेतला, पुढच्या डाव्या चाकाशी बसकण मारली, आणि नट सैल करून पुन्हा आवळायला लागले.