जिन्याखालचं घर

पांढरे शर्ट, सात. एकाची कॉलर विरलेली.

बंद दारामागून: "कोण आहे? आज काही नको!"

टेबल, पाच फूट लांब. वर घोंगडी, घोंगडीवर जागोजागी करपलेली चादर.

मागच्या जनगणनेत या इमारतीत अठ्ठावन्न माणसं लिहिली गेली. राहत होती एकोणसाठ.

आता गोष्ट.

जनगणनेच्या बाई, एरवी कोपऱ्यावरच्या शाळेत शिकवणाऱ्या, दोन तास जिने चढून खाली आल्या. निम्मी घरं अजून कोरी होती. जिन्याखाली इस्त्रीवाली मावशी शर्ट दाबत होती.

"दारंच उघडत नाहीत, मावशी."

"माझा आवाज ऐकून उघडतील. चला." मावशीनं इस्त्रीचा प्लग काढला. भर दिवसा, सतरा वर्षांत पहिल्यांदा.

दुसरा मजला. दार बोटभर उघडलं.

"घरातलं बाहेर कशाला सांगायचं? उद्या काही मागे लागलं म्हणजे?"

"ताई, बाईंना ते कुणाला सांगायची बंदीच आहे. आणि शिंप्याला माप देता ना? माणसं न मोजता शाळा बांधली, तर ती पोरांना आखूडच होणार."

दार हातभर उघडलं. "लिहा. चौघं."

"चौघं? मग ते सहा उशांचे अभ्रे काय माझे?"

ताई हसल्या. "तू इस्त्री करतेस की पाळत ठेवतेस गं? दीर-जाऊ आलेत राहायला. सहा लिहा."

असं दारामागून दार. दुपारपर्यंत बाईंची यादी भरली. खाली येऊन त्यांनी पानं नीट लावली.

"झालं, मावशी. तुमच्यामुळे."

"आणि माझं?"

बाईंचं बोट यादीवरून उतरलं, थांबलं. "जिन्याखाली... दुकान. वस्ती नाही."

जनगणनेआधी घरांची यादी झाली, तेव्हा ही माहिती पहिल्या मजल्यावरच्या 'अध्यक्षां'नी दिली होती. त्यांना कुणी निवडलं नव्हतं, पण सगळे अध्यक्षच म्हणत. ते शर्ट न्यायला आलेच होते.

"बरोबर आहे की. तू संध्याकाळी शटर ओढून घरी जातेस."

"जाते. शटर आतून ओढते."

वर कठड्यावरून ताई वाकल्या.

"मागच्या वेळी राहिले," मावशी म्हणाली. "आज राहणार नाही."

तिनं सातही पांढरे शर्ट अध्यक्षांच्या हातांवर ठेवले. "धरा, तुमचेच आहेत." इस्त्री खाली उतरवली, टेबलाखालून उशी काढली आणि सगळ्यांदेखत त्या टेबलावर आडवी झाली. गुडघे थोडे दुमडून, रोजच्यासारखी.

"इथं झोपते. तो स्टोव्ह, ती बादली. लिहा बाई."

बाईंनी नवं पान काढलं. "कुटुंबप्रमुख?"

"मी."

"आणखी कोण?"

"पुरे आहे की एवढी."

"काम?"

"ते अध्यक्षांना विचारा. हातात धरून उभे आहेत."

जिनाभर हसू पसरलं. अध्यक्षही हसले; मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, ते 'दुकान' मीच सांगितलं होतं. चुकलं माझं. घर लिहा."

मावशी उठली. ओल्या फडक्यानं शटरची चौकट पुसली, कोरडी होईपर्यंत थांबली आणि मगच बाईंना तिच्यावर घराचा नंबर घालू दिला. मग मागे सरून, इस्त्री केलेला कपडा बघावा तशी, त्या आकड्याकडे बघत राहिली.

मागच्या वेळी मोजणारा आला, तेव्हा मावशी तिसऱ्या मजल्यावर पडदे द्यायला गेली होती.