कोरड्या पाटाचं जलपूजन

आमच्या गावच्या जुन्या पाटाला पाणी कधी होतं, हे सांगणारा माणूसही आता उरलेला नाही. पाट बुजला, त्यावर ऊस उभा राहिला. उरली ती पाटकऱ्याची पडकी चौकी, जिथे भरदुपारी पत्ते रंगतात, आणि ओढ्यावरून पाट पलीकडे नेणारा दगडी पूल. गोऱ्या साहेबाने तो पाण्यासाठी बांधला. आम्ही त्याच्या कोरड्या पन्हळीतून चालत जातो.

सगळ्यांत जास्त चालते कडूबाई. तिचं घर आणि गोठा ओढ्यापलीकडे, डेअरी अलीकडे. ओढा भरला की दूध आणायला तिला दुसरी वाट नाही, आणि म्हातारीची चूल त्या दुधावरच पेटते.

यंदा सरपंच सुनीलला वारशाचा पुळका आला. पूल रंगवला, फलक लावला, उद्घाटनाला आमदार साहेबांची तारीख घेतली. आता साहेब म्हटले की जलपूजन आलंच, पण पूजेला पाणी कुठलं? पठ्ठ्याने पुलाच्या दोन्ही तोंडांना विटांच्या भिंती घातल्या आणि मधे टँकर ओतले. दोन्ही भिंतींवर साहेबांच्या नावाची कोनशिला, एखादी कमी पडायला नको!

साहेब आले, पाण्यात खण-नारळ सोडला, गावाचं भाग्य उजळल्याचं सांगितलं आणि शिर्डीला दर्शनाला गेले. आम्ही टाळ्या पिटल्या. त्या कामात आमचा हात कुणी धरणार नाही.

मग पाऊस झाला, ओढा भरला. कडूबाई किटली घेऊन पलीकडे उभी, आणि पुलात कमरेच्या वर पाणी.

"अरं सुनील, भिंत काढ की! दूध नासंल माजं!" ती ओरडली.

"काकू, सायबांचं नाव हाय तिच्यावर. दम धरा, पानी आटंल आपसूक."

पाऊस चालू असताना! मला सुनीलचा असा संताप आला की सांगता सोय नाही. म्हातारीने किटली ओढ्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडाधड आवाज आला म्हणून आम्ही पळालो. कडूबाईने पहारीने तिच्या बाजूची भिंत पाडली होती, कोनशिलेसकट. पाणी भळभळा ओढ्यात चाललं होतं. ते ओसरल्यावर लुगडं खोचून, डोक्यावर किटली घेऊन ती पन्हळीतून आली आणि अलीकडची भिंत चढू लागली.

सुनील किंचाळला, "काकू, काय केलं हे! वारसा फोडला तुमी!"

"पूजा झाली की पाटाला पानी सोडत्यात, बाबा. तुमी समदे इसरला, म्हनून मी सोडलं," ती म्हणाली. "आता किटली धर. मला उतरू दे."

सरपंचाने किटली धरली.