लाल टाचणी

उज्ज्वलानं लव्हाळ्यावर जाळी अलगद टाकली आणि हात आत घातला. टाचणी पुन्हा उडून निसटली. जेमतेम बोटाच्या पेराएवढी, विटकरी लाल. नाल्याच्या काठावर पोकलेन धडधडत होतं आणि त्यानं लव्हाळ्याची पातीही थरथरत होती.

"झालं का व पोरी?" खेमसिंगकाकानं वरून विचारलं. "मशीन उभी हाय कवाची."

"थांबा ना काका. एकच पकडू द्या."

उज्ज्वला दिग्रसजवळच्या याच तांड्याची. चतुरापेक्षा बारीक, बसल्यावर पंख मिटून घेणाऱ्या या टाचण्यांची कुठली जात जिल्ह्यात कुठल्या पाण्यावर राहते, हे शोधत ती गावोगाव हिंडायची. होळीला घरी आली, तेव्हा नाल्याच्या उंबराखालच्या वळणावर ही लाल दिसली. दुरून तरी ती वेगळ्याच जातीची वाटली. नाला खोल करायचं ग्रामसभेत आधीच ठरलं होतं. खेमसिंगकाका सरपंच; ती त्याच्या मागे लागली, एवढं वळण तरी सोडा. दुर्मिळ असली तर सोडतो, काका म्हणाला. पण तांड्याच्या विहिरीचा झरा याच वळणाखालून होता, ते खोदलं तरच विहिरीला पाणी वाढणार होतं, म्हणून लोक चिडले. त्यांत तिची आई, तिची याडी रामीबाईही होती. विहीर आटली की डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन रामीबाईलाच दूर बोअरवर जावं लागायचं.

या खेपेला टाचणी सापडली. उज्ज्वलानं ती चिमटीत धरून भिंगाखाली घेतली. मानेमागच्या पट्टीची कड पाहिली. पुन्हा पाहिली. मग शेजारच्या पात्यावरची एक हिरवी पकडली आणि दोन्ही जवळ धरल्या. कड तीच, म्हणजे जातही तीच.

तिनं हिरवी सोडून दिली.

"घावली?" काका खाली उतरला होता. मागून रामीबाई चहाची किटली घेऊन येत होती.

उज्ज्वलानं लाल टाचणी चिमटीतच ठेवली. एक 'हो' पुरे होता. काका काही भिंग मागणार नव्हता. तिनं ओठ ओले केले, उंबराकडं पाहिलं, मग बोटं उघडली. टाचणी उडून पुन्हा त्याच पात्यावर बसली.

"साधीच आहे, काका. कोवळी मादी लाल असते, मोठी झाली की हिरवी होते. तळ्यावर, धानात, सगळीकडं मिळते."

"पक्कं?"

"पक्कं."

काकानं वर हात केला. पोकलेनचा दात्यांचा पंजा वळणाकडं फिरला.

उज्ज्वला लव्हाळं दोन्ही हातांनी झोडपत सुटली. टाचण्या वीतभर उडायच्या आणि तिथंच बसायच्या.

"काय करून राह्यली व?" रामीबाईनं विचारलं.

"उडवून राह्यली, याडी. पण जातच नाहीत."

"अन् त्याइची पिल्लं?"

"ती पाण्यात असतात. त्यांना पंख नसतात अजून. वरच्या तलावात नेऊन सोडली असती, पण आता वेळ कुठंय?"

 किटली घेऊन रामीबाई काठावर चढली आणि थेट मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

"चाय पी बापू आधी. बंद कर ते."

ऑपरेटरनं सरपंचाकडं पाहिलं. खेमसिंग चपलेचा चिखल दगडावर घासत होता. इंजिन थांबलं.

उज्ज्वलानं जेवणाच्या डब्यातल्या भाकरी ओढणीत बांधल्या, बूट काढले आणि रिकामा डबा घेऊन ती पाण्यात उतरली. वर काठावर रामीबाई ऑपरेटरच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतत होती.