चार वाजताची प्रार्थना

घरातल्या तरुण माणसाला बाहेर पडायला कारण लागत नाही. "आलोच" म्हटलं की काम भागतं. पण साठी उलटलेल्या बाईनं पायात चप्पल सरकवली, की घरातल्या सगळ्या माना वर होतात. कुठं? कशाला? आत्ताच? एवढ्या उन्हात? तुमच्या-माझ्या घरात हे रोज घडतं आणि आपण त्याला काळजी असं गोड नाव दिलेलं असतं.

बिदरच्या मैलूर भागात राहणाऱ्या सुवार्ताबाईंच्या घरीही हेच चालायचं. सुवार्ताबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं त्यांनी लेकरांकडून पाढे घोकून घेतले. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा प्रसन्न, सून पल्लवी आणि दुसरीतली नात बेबी, असं घर. पल्लवी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. मनानं चांगली, पण घड्याळाला बांधलेली. घरात सुवार्ताबाईंना काही कमी नव्हतं. कमी होती ती एका तासाची, चार ते पाच.

त्याचं असं झालं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या कृपम्मा सिस्टरकडे तिच्या भाच्यानं कॅरम बोर्ड आणून टाकला होता. कृपम्मा जन्मभर नर्स होती, म्हणून सगळं मैलूर तिला सिस्टरच म्हणायचं. चर्चमधल्या लुदियाबाई आणि सगुणाबाईही तिथं जमायच्या. चौथा गडी हवा होता. सुवार्ताबाईंनी एकदा सहज बसून स्ट्रायकर मारला आणि पहिल्याच फटक्याला दोन सोंगट्या भोकात गेल्या. सहासष्टाव्या वर्षी त्या बाईला इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत त्या एकट्याच हसत होत्या.

त्यांनी घरात सरळ विचारलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. "सिस्टरकडं रोज चारला कॅरम खेळायला जाऊ म्हणते."

प्रसन्न जेवता जेवता हसला. "कॅरम? आई, ह्या वयात? तुला टीचर म्हणून मान हाय. चर्चमधली मान्सं काय म्हणतील?"

पल्लवी हसली नाही. ती सासूला आत्या म्हणायची. म्हणाली, "आत्या, चारलाच तर बेबीला क्लासहून आणायचं असतंय."

विषय संपला. आठ दिवस सुवार्ताबाई चारला बेबीला क्लासहून आणत राहिल्या. नवव्या दिवशी, कसं कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सिस्टरकडं रोज चारला प्रार्थना ठेवलीय. मलाबी बोलावलंय."

आणि काय चमत्कार! प्रसन्न म्हणाला, "जा की मग. माझ्या प्रमोशनसाठीबी कर." पल्लवीनं दुसऱ्या दिवशी रिक्षावाला ठरवून नातीची सोयसुद्धा लावली. तीच गल्ली, तेच घर, तोच चारचा वक्त. पण खेळाला बंद असलेलं दार प्रार्थनेला सताड उघडलं. सुवार्ताबाई बायबलची पिशवी काखेला मारून निघाल्या. पिशवीत बायबल होतं, चष्मा होता आणि कॅरम बोर्डवर टाकायच्या बोरिक पावडरीचा डबाही होता.

सुरुवातीला चौघी खरंच अर्धा मिनिट डोळे मिटायच्या. पुढं पुढं डोळे मिटायच्या आधीच लुदियाबाई सोंगट्या मांडायला लागल्या. असं वर्षभर सुखानं चाललं. पल्लवीला सासूच्या पदरावर पांढरी पावडर दिसायची. तिला वाटायचं, ह्या कपडे झटकून का येत नाहीत.

मग पल्लवीच्या आईचं दुखणं निघालं. आई तिकडं आळंद तालुक्यात, खजुरीला. पोटात गाठ आहे म्हणून कलबुर्गीच्या डॉक्टरनं सांगितलं. गाठ कसली ते तपासणीनंतर कळणार होतं. पल्लवीचा चेहरा उतरला. तिनं वहीच्या कागदावर आईचं नाव लिहिलं आणि सासूच्या हातात दिलं.

"आत्या, तुमच्या चारच्या प्रार्थनेत माझ्या आईचं नाव घ्या. रोज घ्या. माझा लई इश्वास हाय तुमच्या चौघींवर."

सुवार्ताबाईंनी तो कागद बायबलात घातला. त्या दिवशी नेमका खेळ रंगला. राणी त्यांनी घेतली, पण तिच्यामागची सोंगटी काही पडेना. राणी पुन्हा बोर्डवर आली, वाद झाला, चहा झाला, पाच वाजले. कागदाची आठवण झाली ती परतीच्या वाटेवर. दारात पल्लवी उभीच होती. "घेतलं नाव?"

"व्हय," सुवार्ताबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी सकाळी भाजी निवडताना मनातल्या मनात दोन-चारदा विहिणीसाठी देवाला हाक मारली. पण चारच्या प्रार्थनेत नाही. ती प्रार्थना नव्हतीच, तर तिच्यात नाव घ्यायचं कसं? आणि भाजी निवडताना केलेली धरायची की नाही? चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला स्वतःला गुण किती द्यावेत ते उमजेना.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली! पल्लवीनं फोन ठेवला आणि सासूच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आत्या, रविवारी मी चर्चमधी साक्ष देणार. पाळकसाहेबांना सांगितलंय. तुमची चौघींची नावं घेऊन पुढं बोलावणार हाय. मंडळीला कळू द्या, प्रार्थनेत काय ताकद हाय ते."

सुवार्ताबाईंनी बायबल उघडून पाहिलं. कागद तिथंच होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते भर उपासनेत, सगळ्या मंडळीपुढं उभं राहून सांगणं. तिथलं खोटं म्हणजे दुसरीकडं कुठं बोललेल्या खोट्यासारखं नव्हे.

शनिवारी कॅरम बोर्ड भिंतीलाच टेकलेला राहिला. चौघी बाजेवर बसल्या.

लुदियाबाई म्हणाल्या, "त्यात काय येवढं? पुढं जायचं, हात जोडायचं, बसायचं. दोन मिन्टाचं काम."

"मला तर काहीच कळंना गेलंय," सुवार्ताबाई म्हणाल्या. "खेळलाव ते पाप का बोललाव ते पाप? मी सरळ विचारलं तवा ह्यांनी हसण्यावारी नेलं. आता माझंच तोंड काळं व्हायची पाळी आली. चूक कुणाची म्हणावं?"

कृपम्मानं चहाचा कप खाली ठेवला.

"दोघांची. पोरांनी आपली सरळ वाट बंद केली, ही त्यांची चूक. म्हातारं मानूस म्हणजे बेबीला आणायचं, दूध तापवायचं, न्हाईतर देव देव करायचं. हसायचं-खेळायचं वय त्यांचं येकट्याचं! दवाखान्यात मी किती म्हातारी मान्सं बगितले. रोगानं कमी, रिकामपणानं जास्त खंगतेत. खेळणं पाप असतं तर देवानं आपल्याला हसायला कामून लावलं असतं?"

"मग आपलं काय चुकलं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आपण चोरवाट काढली, तेबी येकवेळ चाललं असतं. पर त्या चोरवाटंवर आपण चर्चची पाटी लावली. ती पोरगी आईसाठी जीव टांगून बसली व्हती आन् आपण राणीसाठी भांडायलोतो. हे चुकलं, सुवार्ता. खेळलीस म्हणून लाजू नको. तिला फसवलंस त्याची लाज धर."

"म्हणजे सांगू?"

"ते तू ठरव. मी उद्या उभी ऱ्हाणार न्हाई, येवढं खरं."

सांगायचंच, असं ठरवून सुवार्ताबाई घरी आल्या. आत पाहतात तर पल्लवी त्यांची पांढरी साडी इस्त्री करत होती. "उद्या ही नेसा आत्या, पुढं उभं ऱ्हायचंय." सुवार्ताबाईंनी तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा करू का?" तेवढंच त्यांना जमलं.

रविवारी चर्च भरलेलं. आमच्याकडं उपासना कन्नडात चालते, गीतं दोन्ही भाषांत होतात आणि साक्ष ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत द्यावी. पल्लवी पुढं गेली. आईचं दुखणं सांगताना तिचा आवाज दोनदा फुटला. बायका पदरानं डोळे टिपू लागल्या.

"माझ्या सासूबाई आन् त्यांच्या तीन मैत्रिणी रोज चारला एक तास गुडघे टेकून माझ्या आईसाठी प्रार्थना करायलत्या. त्यांच्यामुळं आज माझी आई हाय. आत्या, तुम्ही चौघी पुढं या."

लुदियाबाई अर्ध्या उठल्या, कृपम्माकडे पाहून परत बसल्या. सगुणाबाई गीतांच्या पुस्तकात तोंड घालून बसल्या. सुवार्ताबाई उठल्या खऱ्या, पण जागेवरच उभ्या राहिल्या. सगळी मंडळी कौतुकानं बघत होती. एवढ्या कौतुकाच्या नजरा त्यांच्यावर शाळेतल्या निरोप समारंभानंतर पहिल्यांदाच पडत होत्या आणि एकही त्यांना सोसवेना.

"पल्लवी," त्या म्हणाल्या, "आम्ही प्रार्थना केली न्हाई."

पुढच्या बाकाला धरून त्या पुढं बोलल्या.

"आम्ही चारला कॅरम खेळायलोत. वर्ष झालं. तू दिलेला कागद मी बायबलात ठेवला आन् इसरले. तू विचारलीस तवा व्हय म्हणाले. खोटं बोलले. तुझी आई देवानं बरी केली, डॉक्टरानं बरी केली. त्यात माझा काही हात न्हाई. मला माफ कर."

पल्लवी तशीच उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. प्रसन्ननं मान खाली घातली. पाळकसाहेब तरुण होते, बिचारे; आता आशीर्वाद म्हणावा की गीत सुरू करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला. देवपुत्र अण्णा, निवृत्त बस ड्रायव्हर, वय त्र्याहत्तर, काठी टेकत उभे राहिले.

"पाळकसाहेब, उपासनेतच चाललंय तर मीबी सांगतो. मी दर मंगळवारी बीपी तपासायला म्हणून जातो. बीपी-बिपी काही न्हाई. तळ्यावर गळ टाकून बसतो. घरी सांगितलं तर पोरगं म्हणतंय, पडशील, मरशील, लोकं नावं ठेवतील." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "सात साल झाले."

त्यांचा मुलगा पुढच्या रांगेत होता. तो वळून बघतच राहिला.

"मी तबला शिकायलोय," उजवीकडून कुणीतरी पुटपुटलं. ते येसुदासप्पा होते, चर्चच्या कमिटीतले, गंभीर चेहऱ्याचे. "पेन्शन आफिसला म्हणून जातो ते उस्तादाकडं. घरचे म्हणतेत, सत्तरीत तबला कसला, पवित्र शास्त्र वाचा."

कुणीतरी हसलं. मग सगळी मंडळीच हसली. पण ते हसू फार टिकलं नाही. कारण जो तो आपापल्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाकडे वळून बघू लागला होता आणि काही म्हातारी माणसं घाईघाईनं खिडकीबाहेर बघू लागली होती.

पल्लवी मात्र हसली नाही. घरी आल्यावर तिनं आधी भात लावला, वाढला. सुवार्ताबाईंचं ताट तसंच राहिलं. आपण खरं बोललो म्हणून हलकं वाटायला हवं होतं. पण वाटत होतं ते सगळं गोंधळाचंच. शेवटी पल्लवी समोर येऊन बसली.

"कॅरमला जायलत्या, त्याचा मला राग न्हाई आत्या. पर आईचं नाव... मी रोज ग्रंथालयात बसून चार वाजायची वाट बघायचे. चार वाजले की वाटायचं, आता कुणीतरी माझ्या आईसाठी बोलायलंय. तेवढ्यावर मी ते दिवस काढले. आन् तवा तिथं कुणीच नव्हतं."

सुवार्ताबाई रडू लागल्या.

मग पल्लवी म्हणाली, "मला सांगायचं तरी. मी नगं म्हणाले असते का?"

"विचारलं व्हतं बाई. जेवताना. गेल्या वर्षी."

पल्लवीनं नवऱ्याकडं पाहिलं. प्रसन्नला ते जेवण आठवलं, आपलं हसणंही आठवलं. पल्लवीला आपलं उत्तर आठवलं. खेळायला जाते म्हटल्यावर ज्या घरात नातीला आणायला माणूस नव्हता, त्याच घराला प्रार्थना म्हटल्याबरोबर एका दिवसात रिक्षावाला सापडला होता!

"आई," प्रसन्न म्हणाला, "मी हसायला नगं व्हतं."

"मी नगं म्हणाले न्हाई, पर जाऊबी दिलं न्हाई," पल्लवी म्हणाली. "तुम्ही खोटं बोललात, आत्या. ते मला लौकर इसरणं व्हणार न्हाई. पर ते बोलायला आम्हीच लावलं."

मग ती उठली. घड्याळात पावणेचार झाले होते. तिनं सासूच्या चपला दारात नीट मांडून ठेवल्या.

"कुठं?" सुवार्ताबाईंनी गोंधळून विचारलं.

"खेळायला," पल्लवी म्हणाली. "आन् कुणी विचारलं कुठं जायलाव, तर तेच सांगा."

वाचकहो, सुवार्ताबाईंचं चुकलं. विश्वासानं दिलेलं नाव विसरणं आणि देवाच्या आडोशाला उभं राहून खोटं बोलणं, ह्याला माफी मागावीच लागते. त्यांनी ती भर मंडळीत मागितली. पण आपलं काय? आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांना औषध देतो, स्वेटर देतो, मऊ भात देतो आणि त्यांनी एक तास स्वतःच्या मौजेसाठी मागितला की हसतो. मग ती दवाखान्याचं कारण सांगतात, पेन्शनचं सांगतात, प्रार्थनेचं सांगतात. म्हाताऱ्या माणसाला नुसतं सांभाळून भागत नाही, त्याला जगायलाही हवं असतं. आज संध्याकाळी घरातलं वडीलधारं माणूस चप्पल घालताना दिसलं, तर त्याला कारण विचारू नका. काय खेळायला आवडतं ते विचारा. आणि उत्तर काहीही आलं, तरी देवाशपथ, हसू नका.