पोटात लागलेली गोळी

"थांब," तोकुजी मागून पुटपुटले. "वळू दे त्याला. बरगडी दिसू दे."

सुमिएला थांबवेना. शिकारीचा परवाना हातात पडल्यापासून सगळा हिवाळा बापलेक होक्काइदोच्या या टेकड्या तुडवत होते आणि दर खेपेला रिकाम्या हातांनी घरी येत होते. आता कुरणाच्या कडेला भरदार शिंगांचा हरणाचा नर उभा होता. एक पाय उचललेला, कान ताठ. आणखी क्षणभरात तो रानात शिरला असता. तिनं चाप ओढला.

नर पडला नाही. पाठीची कमान करून, शेपूट पायांत घालून तो अवघडल्यासारखा चालत झाडांत गेला.

"पोटात लागली," तोकुजी म्हणाले.

"खांद्यावर नेम होता, बाबा."

"नेम कुठे होता ते त्याला काय करायचंय?"

त्यांनी तिला लगेच मागे जाऊ दिलं नाही. पाठलाग केला की जखमी जनावर जीव खाऊन पळतं, सोडलं तर जवळच कुठंतरी बसतं. दोघं पिकअपला टेकून उभे राहिले. सुमिए सारखी पश्चिमेकडे बघत होती. सूर्य मावळल्यावर बार काढायला कायद्यानं बंदी होती, आणि ऊन तर आत्ताच झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. त्यात भुरभुर बर्फ सुरू झालं.

"माग बुजेल," ती म्हणाली.

"हं. चल आता."

बर्फावरचं रक्त काळपट होतं, त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे कण. सुमिए वाकली आणि तो आंबूस वास तिच्या नाकात गेला. गोठ्यात रोज शेणात हात घालणारी बाई, पण तिनं तोंड फिरवलं. पुढे एका ओंडक्याआड नर बसून उठल्याची जागा सापडली. बर्फ तिथं वितळून खळगा झाला होता.

चढ लागला तसे तोकुजी मागे पडले. त्यांचा गुडघा गेल्या वर्षीच बोलायला लागला होता. "तू हो पुढे," ते म्हणाले. "पण माझ्या हाकेच्या बाहेर जाऊ नकोस."

ती वर चढत राहिली. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हातमोजा धरला. मान वर केली आणि तो दिसला. टेकडीच्या माथ्यावर, अगदी आडवा, मान खाली घालून उभा. अंतर थोडं होतं. उजेड अजून होता. तिनं गुडघा टेकला, रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीत त्याची बरगडी श्वासागणिक हलताना दिसत होती.

त्याच्या मागे नुसतं आभाळ होतं.

माथ्यापलीकडे शेजारच्या हामानाकांचा गोठा. या वेळेला हामानाका नवराबायको दूध काढत असणार. गोळी हुकली, किंवा आरपार गेली, तर ती कुठे जाईल ते तिला सांगता आलं नसतं. बोट चापावर होतं. थोडा खाली ये, ती मनात म्हणत राहिली. दोन पावलं ये.

नर दोन पावलं चालला. पलीकडे.

ती माथ्यावर धावत पोहोचली तेव्हा माग बुटक्या बांबूच्या दाट जाळीत शिरला होता. रक्ताच्या थेंबांवर एक रुंद पाऊल उमटलं होतं, पुढे नख्यांच्या खुणा. त्यात अजून बर्फ पडलं नव्हतं.

तोकुजी धापा टाकत आले, पाऊल बघितलं. आवाज एकदम खाली गेला. "अस्वल. मागे सरक. पाठ फिरवू नकोस."

"तो जिवंत आहे, बाबा."

"माहीत आहे."

"मी गोळी घातलीय त्याला. अर्धवट सोडून कशी येऊ?"

"आत हातभर अंतरावरचं दिसणार नाही तुला. सुमिए, मागे सरक."

जाळीत कुठंतरी काड्या मोडल्या. मग सगळं गप्प झालं. ती रायफल धरून तशीच उभी होती. तोकुजींनी तिच्या कोटाची बाही पकडली आणि लहानपणी रस्ता ओलांडताना ओढत तशी तिला ओढत नेलं. कुरणात उतरेपर्यंत ऊन गेलं होतं.

गाडीत त्यांनी हीटर तिच्याकडे वळवला. त्यांनी चांगलं झापावं असं तिला वाटत होतं.

घरी गेल्यावर तिनं आधी हामानाकांना फोन करून माथ्याकडे फिरकू नका म्हणून सांगितलं. मग गावच्या शिकारी मंडळाच्या प्रमुखाला, ओनोदेरांना. पोटात गोळी, माग कुठवर, अस्वल कुठे, काही न लपवता सांगितलं.

"म्हणजे आता ती टेकडी आम्हा सगळ्यांनाच बंद," ओनोदेरा म्हणाले. "अस्वल मिळालेलं खाणं सोडून हलायचं नाही."

"हो. चूक माझी आहे."

"उद्या उजाडल्यावर आम्ही चौघं येतो. तू जागा दाखव, आत शिरू नकोस."

सकाळी वीतभर बर्फ पडलेलं होतं. त्या चौघांनी दुपार उलटेपर्यंत जाळी पिंजून काढली. नर सापडला नाही, अस्वलही नाही. कावळेसुद्धा कुठे घिरट्या घालत नव्हते. एकानं आठ्या घालत सांगितलं, नर खालच्या ओढ्यापर्यंत गेला असेल.

संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. सुमिएनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, पण ती गाडीत बसली नाही. तोकुजींनी काच खाली केली.

"गायी ओरडत असतील."

"तुम्ही सुरू करा, बाबा. मी ओढा बघून येते."

तोकुजींनी तिच्याकडे बघितलं, मग गाडी बंद केली आणि गुडघा धरत खाली उतरले.